बॉनेटखालची घाण

गाडीत वास यायला लागून आठ दिवस झाले होते. पहिल्या दिवशी तो ओल्या फडक्यासारखा होता. तिसऱ्या दिवसापर्यंत काहीतरी कुजतंय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. नवऱ्याने उपाय म्हणून आरशाला मोगऱ्याच्या वासाची एक पट्टी टांगली, दोन दिवसांनी दुसरी. त्यानंतर दार उघडलं की आधी मोगरा यायचा आणि त्याच्या मागोमाग ते दुसरं. दोन्ही एकत्र नाकात गेलं की माझ्या जिभेखाली पाणी सुटायचं.

मला किळस फार लवकर येते. माझं माहेर कणकवलीच्या आतल्या बाजूला, भात आणि काजूवाल्यांचं. शेणात हात घालताना मला कधी काही वाटलं नाही. पण ऑइल, ग्रीस, ते काळं चिकट जे साबणालाही दाद देत नाही आणि नखांत बसून राहतं, ते नुसतं बघूनच अंगावर काटा यायचा. लग्न होऊन जामसंड्याला आले, इथल्याच शाळेत नोकरी लागली, अडतिसाव्या वर्षी गाडी शिकले. पण बॉनेट कसं उघडतात ते मी विचारलंसुद्धा नाही. चालवायची मी, बाकी सगळं नवऱ्याने बघायचं, अशी आमची वाटणी.

नवऱ्याचं बघणं म्हणजे पुसणं. दर रविवारी दोन तास शाम्पू, मग पॉलिश, मग टायरांना काळं. वाटेने जाणारा माणूस आमच्या गाडीच्या दारात स्वतःचे केस नीट करून घेई. बॉनेट मात्र उघडायचं ते पाणी ओतायला, तेही शेवटी शेवटी फार वेळा. परसातल्या विहिरीचं पाणी. ते इतकं मचूळ आहे की आम्ही चहाला वापरत नाही, त्यात डाळ शिजत नाही. एकदा मी म्हटलं, "ह्यां खारा पाणी गाडीक चालता?" तो म्हणाला, "गाडी काय चाय पिता?" मीही हसले आणि विषय संपला.

मे महिन्याच्या अखेरीस सासूबाईंच्या बहिणीच्या नातीचा साखरपुडा होता, वैभववाडीला. नवरा आंब्याच्या कॅनिंगमध्ये, ऐन हंगामात त्याला रजा मिळणं शक्य नव्हतं. म्हणून आम्ही दोघीच निघालो. सासूबाई बहात्तर वर्षांच्या. चाळीस वर्षं त्यांनी बंदरावर मासे विकले. त्यांना कशाचीच किळस येत नाही. डिकीत आंब्याच्या दोन पेट्या आणि बहिणीसाठी सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, मोठी पिशवी. आमच्या डिकीत सुकी मासळी नेहमीचीच. गाडी उभी राहायची तीही मासळी वाळत घालायच्या जागेला लागूनच.

नांदगावला हायवेला लागलो आणि तळेऱ्याच्या अलीकडे समोर एक लाल दिवा पेटला. पाण्यात बुडवलेल्या थर्मामीटरसारखं चित्र.

"तो लाल दिवो कसलो गो?" सासूबाईंनी विचारलं.

"पेटता कधी कधी," मी म्हटलं. हे साफ खोटं होतं. तो दिवा मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

तळेऱ्यात रस्त्याला लागून एक गॅरेज दिसलं. मी वेग कमी केला. पुढची जमीन तेलाने काळी झालेली, त्यावर लाकडाचा भुसा टाकलेला, एका उघड्या इंजिनावर वाकलेला मेकॅनिक कोपरापर्यंत काळा. माझ्या अंगावर मोतिया रंगाची रेशमी साडी होती. त्या जमिनीवर पाय ठेवायचा या कल्पनेनेच मी पाय ॲक्सिलरेटरवर दाबला. परत येताना दाखवू, असं म्हणाले. त्या दिवशी जे झालं त्यातला माझा पहिला वाटा हा.

तिथून तीनेक किलोमीटरवर वळणं सुरू होतात. गाडी जड वाटायला लागली, बॉनेटच्या फटीतून पांढरं काहीतरी येऊ लागलं. सासूबाईंनी फोन लावून माझ्या कानाजवळ धरला.

"एसी बंद कर," नवरा म्हणाला, "आणि हीटर फुल्ल लाव. इंजिनाची गरमी भायर येता."

यात खोटं काही नव्हतं, हे मला नंतर कळलं. थांबायला चांगली जागा सापडेपर्यंत एवढं करतात. पण गाडी कडेला घेऊन बंद कर, हे तो म्हणाला नाही आणि मला सुचलं नाही. मी हीटर लावला.

त्या जाळीतून गरम हवेबरोबर जे आलं त्याला नुसता वास म्हणणं म्हणजे वासाचा अपमान. आठ दिवसांचं मेलेलं काहीतरी तापवून कोणी थेट तोंडावर मारावं, तसं. त्याच्याबरोबर बारीक केस आणि भुसा उडाला, तो माझ्या घामेजलेल्या ओठांना चिकटला. मी थू थू करत स्टीअरिंग सोडलं, पुन्हा धरलं, आणि मला ओकारी आली.

"गाडी कडेक घे आधी!" सासूबाई ओरडल्या. "ओक मगे!"

इतक्या वर्षांत त्यांनी मला दिलेला सगळ्यात शहाणा सल्ला हाच. मी गाडी डावीकडे मातीत घेतली, इंजिन बंद केलं, आणि मग खिडकीतून बाहेर सगळं काढलं. काही थेंब चकचकीत दारावर ओघळले.

आम्ही थांबलो होतो ती जागा वाईट होती. वळण संपतं तिथेच, मागून येणाऱ्याला दिसणार नाही अशी. एक ट्रक आमच्या इतक्या जवळून गेला की गाडी हलली. मी चारही इंडिकेटर एकदम चालू केले. सासूबाईंना डावीकडून उतरवलं आणि गाडीपासून लांब, रस्त्याच्या वरच्या अंगाला काजूखाली बसवलं. धोक्याचा लाल त्रिकोण डिकीत असतो एवढं ठाऊक होतं. तो सुंगटांच्या पिशवीखाली निघाला, घेतल्या दिवसापासून प्लास्टिकच्या वेष्टनातच, मासळीच्या खाराने चिकट. दोन बोटांत धरून मी तो वळणाच्या मागे पन्नास-साठ पावलांवर नेऊन ठेवला. तिथे कोणा ट्रकवाल्याने आपल्या बंद गाडीमागे मांडलेले तीन धोंडे अजून रस्त्यावरच होते. स्वतःचं काम झालं, निघून गेला. दुसरा कोणी त्यांवर आदळून मेला तरी याला काय. मी ते पायाने ढकलून कडेला केले. चपलेचा पट्टा तुटला.

परत येते तर एक गाडी पुढे थांबलेली. पांढरा शर्ट, काळा चष्मा, पंचेचाळीशीचा माणूस उतरला. उतरताच आमच्या टायरजवळ तोंडातली गुटख्याची पिंक टाकली.

"सरा ताई. पंचवीस वर्षां गाडी चालवतंय मी."

त्याने बॉनेट उघडलं. मी पहिल्यांदाच त्याच्या आत बघत होते. बॅटरीच्या मागच्या खोबणीत, वाकल्याशिवाय दिसणार नाही असं, काथ्याचं घरटं होतं, नीट गोल विणलेलं. त्यात माशांची सुकी डोकी, चोखलेली आंब्याची बाठ, लेंड्या, आणि पिवळ्या मऊ कापडाच्या चिंध्या. तो नवऱ्याचा पॉलिशचा फडका होता. दोन महिने तो हरवला म्हणून घरात शोध चालला होता. वरच्या पत्र्यावर नवरा नव्या फडक्याने चमक आणत होता आणि चार बोटं खाली उंदीर जुन्यात संसार करत होते. घरट्याखालून कुठूनतरी वाफ फुसफुसत होती.

एव्हाना दोन मोटरसायकली आणि एक टेम्पो थांबले होते. मदतीला पुढे कोणी आलं नाही, दोघांनी मोबाइल मात्र काढले. पांढऱ्या शर्टवाल्याला माणसं जमलेली दिसताच त्याचा आवाज वाढला.

"पाणी संपलाहा. ह्यां झाकण उघडून ओतूया."

काजूखालून सासूबाई उठल्या. "रे बाबा, उघडू नको! उकळता तां. थंड होवंदे आधी."

"आये, तू बस गप. तुका गाडीतला काय कळता?"

"गाडीतला नाय कळत, टोपातला कळता!"

सगळे हसले. मी हसले नाही, पण बोललेही नाही. सासूबाई बरोबर बोलत होत्या, हे मला ठाऊक होतं. गाडी शिकवणाऱ्या बाईंनी मला तीनदा सांगितलं होतं की तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. पण साखरपुड्याची वेळ टळत होती, माझ्या साडीला ओकारीचा वास येत होता, बघे माझं चित्रण करत होते, आणि मला तिथून फक्त निघायचं होतं. त्याने फडकं मागितलं. मी पर्समधला रुमाल काढून दिला. हा माझा दुसरा वाटा.

त्याने रुमाल झाकणावर ठेवला, दाबून फिरवला, आणि झाकण उडालं. लालसर तपकिरी पाण्याचा फवारा पुरुषभर उंच गेला. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला, काही मानेवर आणि छातीवर उडालं. माझ्या मनगटावर दोन थेंब पडले, त्यांचे डाग अजून आहेत. तो असा ओरडला की मोबाइल धरलेले दोघेही मागे सरले.

मग सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं टूथपेस्ट लावा. टेम्पोवाल्याने खरोखरच गाडीतून ऑइलचा डबा काढला, भाजल्यावर ऑइल बरं असं म्हणत. आणखी एकजण म्हणाला, आधी इंजिनात पाणी ओता, नाहीतर गाडी गेली. माझ्याजवळ प्यायच्या पाण्याचा एकच कॅन होता, पाच लिटरचा.

सासूबाईंनी तो उचललासुद्धा होता. "गाडी गेली खड्ड्यात. माणसाचो हात धर गो."

मी त्याचा हात धरला. घामाने, त्या गंजक्या पाण्याने आणि पुसलेल्या गुटख्याने निसरडा झालेला हात, वर कातडी सुरकुतायला लागलेली. त्याचं तोंड माझ्या खांद्याला टेकलं होतं, तो रडत होता आणि सुपारी मिसळलेली लाळ माझ्या रेशमी बाहीवर गळत होती. मी नजर दुसरीकडे केली, पण हात सोडला नाही. बोटांतली अंगठी आणि मनगटावरचं तांब्याचं कडं सूज चढायच्या आत ओढून काढलं. सासूबाई बारीक धारेने पाणी सोडत राहिल्या, कधी हातावर, कधी मान आणि छातीवर. "आणखी पाणी हाडा!" त्या मोटरसायकलवाल्यांवर कडाडल्या. "फोटो मगे काढा!" एकजण शरमून गेला आणि वरच्या घरातून दोन बालद्या घेऊन आला. वीसेक मिनिटं आम्ही पाणी घालत होतो. टूथपेस्ट नाही, ऑइल नाही. मग साखरपुड्याला भेट न्यायच्या पिशवीतली कोरी ओढणी ओली करून त्याच्या हातावर सैल टाकली आणि टेम्पोवाल्याने त्याला दवाखान्यात नेलं. त्याची गाडी मोटरसायकलवाल्याने मागून आणली.

रस्ता रिकामा झाला. मी कडेला बसले आणि पुन्हा ओकले, या खेपेला नुसतं पाणी.

टेम्पोवाल्याने देऊन ठेवलेल्या नंबरवर मी मेकॅनिकला फोन केला, तो तळेऱ्याच्याच गॅरेजमधला निघाला, मघाशी मी ज्याला बघून वेग वाढवला होता तो. आला, रेडिएटरपासून वीतभर अंतरावर तळवा धरला आणि म्हणाला, "अजून अर्धो तास." मग सासूबाईंच्या शेजारी काजूखाली जाऊन बसला. एवढा माहीतगार माणूस, पण त्याला कसली घाई नव्हती.

गार झाल्यावर त्याने काम सुरू केलं. रबरी नळी उंदरांनी कुरतडली होती. तिथून महिनाभर पाणी थेंब थेंब गळत होतं.

"कुलंट कधी घातलात?"

"कुलंट?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग रेडिएटरच्या तोंडात बोट घालून आतला गाळ काढला. "हात फुडे करा, बाईनू." मी नकळत केला. त्याने तो गाळ माझ्या तळव्यावर ठेवला. लाल, दाट, मध्येमध्ये गंजाच्या खपल्या. "कुलंटाच्या जागी विहिरीचा पाणी. खारा. वरसभर आतसून कुजवलांत तुमी गाडीक. आणि मघाशी कोणी तापल्या इंजिनात थंड पाणी ओतला असता ना, तर इंजिन तडाकला असता."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मी तो हात पुसला नाही. आयुष्यात मला इतकी घाण वाटली नव्हती, आणि ती गाळाची नव्हती.

हवेची जाळी उघडून त्याने मागचा मेलेला उंदीर दाखवला, पण काढायला तोही कचरला. सासूबाईंनी सागाचं एक पान तोडलं, त्यात तो उचलला, शेपटी लोंबत असलेला, अर्धा सुटलेला, आणि लांब नेऊन मातीत पुरला. येऊन हात धुतले. "मेलेला काय चावता काय?" एवढंच म्हणाल्या. साखरपुडा तोवर होऊन गेला होता.

गाडी ओढून गॅरेजात नेली, आम्ही एसटीने घरी आलो. संध्याकाळी नवरा आला तेव्हा पडवीच्या पायरीवर मी ते घरटं ठेवलं होतं, प्लास्टिकच्या पिशवीतून आणलेलं.

"ह्यां काय?"

"तुमचो पिवळो फडको. गावलो."

त्याने वाकून बघितलं आणि नाकाला हात लावला. "मी गाडीक किती जपतंय, तुका म्हायती आसा."

त्या वाक्याने मी भडकले. त्या माणसाच्या हाताची कातडी माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि हा जपण्याच्या गोष्टी करत होता. मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आठ दिवस वास येत असताना कुठून येतो ते बघायचं सोडून मोगरा टांगणाऱ्या माणसाची मला किळस येते, असं मी म्हटलं. तो हळूच म्हणाला, "वास तुकाव येय होतो. तू बघलंस?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "तोंड पावडर लावन गोरा केलात दोघांनी. दात कोणी घासूक नाय."

गाडी बारा दिवसांनी परत आली. त्या रविवारी मी सकाळी, इंजिन गार असताना, स्वतः बॉनेट उघडलं. पहिल्यांदा रबरी हातमोजे घातले. त्यांतून काहीच कळेना, काढून टाकले. कुलंटची पातळी दोन रेघांच्या मध्ये आहे का बघितलं. ऑइलची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घालून पुन्हा ओढली. ते काळं बोटांना लागलं. नखांत बसलं. सोमवारी शाळा उघडली, फळ्यावर लिहिताना सगळ्या वर्गाला दिसलं असेल. डिकीतल्या जादा टायरमध्ये हवाच नव्हती, किती महिने कोण जाणे. नवऱ्याने तो भरून आणला आणि अंगणात आम्ही दोघांनी तो एकदा बदलून पाहिला. आधी भुसभुशीत मातीवर जॅक लावला तर तो कलंडला, गाडी धपकन खाली बसली. नशीब, खाली कोणाचा हात नव्हता. मग कडक जागी नेली, हँडब्रेक ओढला, चाकांना धोंडे लावले, तेव्हा जमलं. सुकी मासळी आता झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातून जाते आणि गाडी घराच्या दुसऱ्या अंगाला उभी असते. तरी दर दोन दिवसांनी मी आत डोकावते. लेंड्या दिसतात अधूनमधून. शिसारी येतेच. काढून टाकते.

महिन्याने आम्ही दोघी त्या माणसाकडे गेलो. पत्ता टेम्पोवाल्याने दिला होता. मला जायचं नव्हतं. त्याने गावभर सांगितलं होतं की एका बाईच्या भंगार गाडीपायी हात गेला, आणि ते माझ्या कानावर आलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "तेणा काय सांगितल्यान तां सोड. रुमाल कोणी दिलो?"

तो ओटीवर बसला होता. हात बरा झाला होता, पण कातडी गुलाबी, चकाकती, कोपराशी आवळलेली. त्याने तो लपवला नाही, आम्हीच नजर चोरली. त्याच्या बायकोने चहा आणला. ती आत गेल्यावर मी म्हटलं, "तेव्हा मी तुम्हाला अडवायला हवं होतं. मला माहीत होतं."



"माकाव म्हायती होता, ताई," तो म्हणाला. "पंचवीस वर्षां चालवतंय, माका म्हायती नसतला? पण लोक बघी होते. आणि म्हातारी सगळ्यांदेखत शिकवी होती. मगे हात मागे घेवक जमला नाय."

मला तो माणूस तेव्हाही आवडला नाही, आजही आवडत नाही. चार माणसं बघतायत म्हणून उकळत्या झाकणावर हात ठेवणाऱ्याची मला चीड येते. पण त्या ओटीवर त्याला ते सुनवायला माझी जीभ उचलली नाही. तळेऱ्याच्या गॅरेजवरून साडी सावरत मीच पुढे गेले होते.

सासूबाईंनी त्याचा हात उलटसुलट करून बघितला. "खोबऱ्याचा तेल लाव दिसातून दोनदा," म्हणाल्या, "आणि हो कोपरो हलवत ऱ्हव, नायतर आखडतलो." तो होय म्हणाला. आम्ही चहा संपवला आणि उजेड आहे तोवर जामसंड्याला निघालो.